वारा कुणाच्या तोंडावर?

पत्र थोडक्यात असं आहे. पत्र लिहिणारी मैत्रीण अठ्ठावीस वर्षांची, बी. फार्म. झालेली. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात किमोची औषधं तयार करायचं काम ती तीन वर्षांपासून करते. रोज दहा-बारा पेशंटची औषधं, सणानंतरच्या सोमवारी त्याहून जास्त. खोलीत एक ‘हूड’ आहे, त्यात निळा दिवा आहे आणि ‘हूडमध्ये काम केलं की काही होत नाही’ असं तिला रुजू होतानाच सांगितलं गेलं. दुपारपर्यंत डोळे चुरचुरतात, कधी तोंड कडवट होतं. सीनियर सर म्हणतात, ‘मी पंधरा वर्षं करतोय, मला दोन मुलं आहेत, काय झालं?’ आता तिला आणि नवऱ्याला मूल हवं आहे. सासूबाई म्हणतात, नोकरी सोड. नवरा म्हणतो, दिवस गेल्यावर बघू. तिचा प्रश्न: ‘नोकरी सोडू की गप्प बसून करत राहू? मी उगाच घाबरतेय का? की तीन वर्षांत व्हायचं ते होऊनही गेलं?’

*

तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस, म्हणून अहो-जाहो करत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. तू ते सहज ओघात लिहून गेली आहेस: ‘हूडची गार हवा चेहऱ्यावर येते, उन्हाळ्यात तर बरंच वाटतं.’ सासूबाई, सर, बाळ, राजीनामा हे सगळं नंतर. आधी ही हवा.

काचेची पेटी, आत पंखा आणि निळा दिवा असला की आपण तिला सरसकट ‘हूड’ नाहीतर ‘लॅमिनार’ म्हणून मोकळे होतो. पण या नावाखाली अगदी उलट स्वभावाची यंत्रं नांदतात. आडव्या प्रवाहाच्या लॅमिनारमध्ये हवा हेपा फिल्टरमधून, म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या गाळणीतून, गाळून मागच्या भिंतीतून येते, तुझ्या समोरच्या व्हायलवरून, औषधाच्या बाटलीवरून, वाहते आणि थेट तुझ्या अंगावर येते. आतली वस्तू निर्जंतुक राहावी, एवढंच त्याचं काम. डोळ्यांचे थेंब भरायचे असतील, टिश्यू कल्चरची केळीची रोपं बाटलीतून बाटलीत हलवायची असतील, तर त्याच्यासारखं यंत्र नाही. केळीच्या रोपाने कुणाचं काही बिघडत नाही. बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये मात्र खोलीतली हवा पुढच्या जाळीतून आत ओढली जाते, वरून गाळलेली स्वच्छ हवा खाली उतरते आणि बाहेर जाणारी हवाही हेपातून गाळून जाते. औषध स्वच्छ राहतं, शिवाय काचेअलीकडे बसलेला माणूसही वाचतो.

तुझं सासर दिंडोरीकडचं, घरची द्राक्षबाग आहे. सासऱ्यांना विचार, फवारणी करताना वाऱ्याच्या कुठल्या अंगाला उभं राहायचं. औषध आपल्या तोंडावर येईल असं उभं राहू नये, हे त्यांना कुणी शिकवावं लागलेलं नाही. तू लिहिलंस ते जर खरं असेल, तर तीन वर्षं तुला वाऱ्याच्या तोंडाला उभं करून फवारणी करवून घेतली आहे, तीही एसीच्या खोलीत आणि ‘इथेच सर्वांत सुरक्षित’ असं सांगून.

‘खरं असेल तर’ म्हणते, कारण मी ते यंत्र पाहिलेलं नाही. तू बघू शकतेस. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी, आत एकही व्हायल नसताना, पंखा चालू कर. टिश्यू पेपरची बोटभर रुंदीची, वीतभर लांब पट्टी फाड आणि उघड्या तोंडाच्या कडेशी लोंबती धर. घट्ट धर, आत ओढली गेली तर जाळीत अडकून बसेल. पट्टी आतल्या बाजूला झुकली तर कॅबिनेट असण्याची शक्यता आहे. तुझ्याकडे फडफडली तर ते लॅमिनार आहे, आणि मग किमोचं काम त्यावर आजच थांबायला हवं. याचाच एक फसवा भाऊ आहे, उभ्या प्रवाहाचं लॅमिनार. त्याला पुढे अर्धी काच असते, दिसतं हुबेहूब कॅबिनेटसारखं, पण वरून आलेली हवा खालच्या फटीतून माणसाकडेच निघते. त्यामुळे पट्टी काचेच्या खालच्या कडेशीही धरून बघ.

मग पाटी वाच. ‘क्लास टू’ लिहिलंय का, पुढे ‘ए टू’ आहे की ‘बी टू’? ए टू प्रकारात साधारण सत्तर टक्के हवा गाळून पुन्हा आतच फिरते आणि तीस टक्के बाहेर पडते. बी टू मध्ये सगळी हवा नळीवाटे इमारतीबाहेर जाते. हे बारकावे परचेसवाल्यांना नकोसे वाटतात, पण तुझ्या कामात त्यांनी फरक पडतो. हेपा फिल्टर कण आणि थेंब अडवतो. ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के पकडणारा हा फिल्टर वाफेपुढे मात्र हतबल असतो, आणि सायक्लोफॉस्फमाइडसारखी काही औषधं थोड्या प्रमाणात वाफ होऊन उडतात. म्हणून किमोसाठीचं ए टू कॅबिनेटसुद्धा हवा खोलीत न सोडता बाहेर नेणाऱ्या नळीला जोडलेलं असावं, हा सध्याचा दंडक आहे.

समजा, यंत्र योग्य निघालं. तरी निश्चिंत होऊ नकोस. मी बावीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, त्यातली बरीचशी क्षयरोगाच्या थुंकीच्या नमुन्यांसमोर. एका ठिकाणी आमचं कॅबिनेट नवंकोरं होतं, उत्तम कंपनीचं. बरोबर त्याच्या डोक्यावर स्प्लिट एसी आणि हाताच्या अंतरावर दार. तपासणीला आलेल्या मुलाने काचेपाशी धूर सोडला. धूर शहाण्यासारखा आत गेला. तेवढ्यात कुणीतरी दार ढकलून चहा घेऊन आलं, आणि तोच धूर वळून माझ्या नाकाशी आला. गणित सोपं आहे. कॅबिनेटच्या तोंडाशी हवा आत जाते ती सेकंदाला साधारण अर्ध्या मीटरच्या वेगाने, म्हणजे ताशी १.८ किलोमीटर. माणूस चालतो ताशी चार-पाच किलोमीटरने. तुझ्या पाठीमागून नुसतं लगबगीने कुणी गेलं तरी तो हवेचा पडदा डळमळतो. पंखा, एसी, दार, ये-जा यांपासून कॅबिनेट दूर हवं ते याचसाठी.

आणि ‘दरवर्षी सर्व्हिसिंग होतं’ या वाक्यावर विसंबू नकोस. माणूस आला, काच पुसली, स्टिकर लावलं आणि दहा मिनिटांत गेला, ही तपासणी नव्हे. खऱ्या तपासणीत हवेचा वेग यंत्राने मोजतात, तेलाचा बारीक तुषार सोडून हेपाला कुठे गळती आहे का ते बघतात, धूर सोडून प्रवाह बघतात आणि हे सगळं आकड्यांसह कागदावर देतात. वर्षातून निदान एकदा, शिवाय यंत्र जागेवरून हलवलं की पुन्हा. जागा बदलल्यावर तपासणी झाली का, एवढं विचारलंस तरी बरंच काही बाहेर येईल.

वीज गेली तर? जनरेटर सुरू होईपर्यंतचे ते काही सेकंद कॅबिनेट म्हणजे नुसती पत्र्याची पेटी. हात थांबव, व्हायल झाक, काच खाली घे. कॅबिनेट यूपीएसवर घ्यायला सांगणं अवाजवी नाही. बिलिंगचा कॉम्प्युटर असतोच की यूपीएसवर.

निळ्या दिव्याबद्दल एकच. तो जंतूंसाठी आहे, आणि तिथेही त्याच्यावर फार भरवसा ठेवू नये असंच जाणकार सांगतात. किमोच्या औषधाचं तो काहीही बिघडवत नाही. साधा सर्जिकल मास्क तुझ्या तोंडातले थेंब औषधात जाऊ देत नाही, औषध तुझ्यात जाण्यापासून वाचवत नाही. स्पिरिटने पुसल्याने औषध मरत नाही, पसरतं. आधी औषध निकामी करणारं द्रावण, मग साबणपाणी, आणि स्पिरिट सर्वांत शेवटी.

हाताच्या सवयींवर मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण त्या तुझ्या ताब्यात आहेत. व्हायलमधून सुई काढताना कधी बारीक ‘फुस्स’ ऐकू येतं ना? व्हायलच्या आत दाब वाढला होता, आणि त्या आवाजाबरोबर डोळ्याला न दिसणारा तुषार बाहेर पडला. जेवढं औषध ओढायचं त्याहून थोडी कमीच हवा आत सोडायची, म्हणजे व्हायल बाहेर फेकण्याऐवजी आत ओढून धरते. सिरिंज पिळून बसणारी, लुअर लॉकची. आणि पाऊण भागाहून जास्त भरायची नाही. हात आत घातले की मिनिटभर थांबायचं, प्रवाह स्थिरावू द्यायचा. काम जाळीपासून निदान चार इंच आत. जाळीवर रजिस्टर, पेन, कापूस काहीही ठेवायचं नाही. जाळी झाकली की त्या जागेपुरता पडदा फाटला. किमोसाठीच्या ग्लोव्हजच्या दोन जोड्या, आतली गाऊनच्या बाहीखाली, बाहेरची बाहीवर, आणि अर्ध्या तासाने बदल.

लाल औषधाचा, डॉक्सोरुबिसिनचा, थेंब ग्लोव्हवर पडला तर दिसतो तरी. बाकीच्यांना रंगच नाही. म्हणून एक गंमत करून बघ. डोळ्यांच्या विभागात फ्लुरेसिन नावाचा रंग असतो. तो पाण्यात घालून औषधाऐवजी त्याचं मिक्सिंग कर, नेहमीच्याच घाईने, कामाची वेळ संपल्यावर. मग दिवे घालवून नोटा तपासायचा जांभळा टॉर्च फिरव. कुठे कुठे हिरवं चमकतं ते बघ: बाही, सिरिंजची दांडी, दाराची मूठ, कधी चष्मासुद्धा. प्रशिक्षणात हा प्रयोग नेहमीचा आहे. सरांनाही बोलाव.

आता सरांकडे वळते. ‘मला काही झालं नाही’ हे त्यांचं वाक्य खोटं नाही, पण त्याने सिद्ध काहीच होत नाही. ज्यांना त्रास झाला ते पंधरा वर्षं त्याच खुर्चीवर बसून सांगायला राहतातच असं नाही. १९७९ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की ही औषधं हाताळणाऱ्या नर्सेसच्या लघवीत जनुकांत बदल घडवणाऱ्या द्रव्यांच्या खुणा जास्त सापडतात. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत आडव्या लॅमिनारवर काम करणाऱ्या फार्मासिस्टांतही तेच दिसलं, आणि उभ्या प्रवाहाच्या संरक्षक कॅबिनेटवर काम नेल्यावर ते मावळलं. म्हणजे चाळीस वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. २००४ मध्ये नायोश या कामाच्या जागची सुरक्षा बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने दवाखान्यांना उद्देशून रीतसर इशाराच काढला. सायक्लोफॉस्फमाइड हे स्वतःच माणसात कॅन्सर घडवू शकणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या यादीत आहे. पेशंटला ते देताना मोठ्या आजारापुढे तो धोका पत्करलेला असतो. तुला तर आजारच नाही.

आणि हा प्रश्न फक्त तू आई होणार म्हणून उभा राहिलेला नाही. पत्रात तू तसं धरून चालली आहेस, घरच्यांनीही धरलंय. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्या काळात पुरुषालाही जपायला हवं. उद्या तू सोडलीस आणि तुझ्या जागी एखादा चोवीस वर्षांचा मुलगा बसला, तर यंत्र तेच, हवा तीच. शिवाय त्या खोलीत फक्त फार्मासिस्ट नसतात. संध्याकाळी उघड्या हातांनी ओटा पुसणाऱ्या मावशी असतात. किमो घेतलेल्या पेशंटचं बेडपॅन उचलणारे मामा असतात. पुढचे दोन दिवस त्या लघवीत औषध उतरत असतं, हे त्यांना कुणी सांगितलंय का?

तुझ्या नवऱ्याचं ‘दिवस गेल्यावर बघू’ मात्र मला अजिबात पटलं नाही. बाळाचे अवयव घडायला लागतात ते तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. कित्येक बायकांना पाळी चुकल्याचं लक्षात येऊन तपासणी करेपर्यंत त्यातले निम्मे दिवस सरलेले असतात. छाटणीनंतर द्राक्षवेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावायच्या दिवशी सासरे हातमोजे पेस्ट कालवायच्या आधी घालायला सांगतात की हाताची आग झाल्यावर? तेच नवऱ्याला सांग, त्याला त्याच भाषेत लवकर कळेल. कायद्याचा आधारही इथे तोकडा पडतो. गर्भाला बाधक काम नाकारायची मुभा मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदी देतात, पण ती बाळंतपणाच्या तारखेआधीच्या शेवटच्या काही आठवड्यांपुरती. सुरुवातीच्या नाजूक दिवसांसाठी तुलाच आधी बोलावं लागेल. जगभरचे या कामाचे नियम तर मूल हवं असलेल्यांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना दुसरं काम मागता यावं, असंच सांगतात.

तीन वर्षांत व्हायचं ते होऊन गेलं का, या प्रश्नाला मी डॉक्टर नसल्याने हात घालत नाही, पण एक चूक टाळ. ‘सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) नॉर्मल आलं म्हणजे सुटले’ असं समजू नकोस आणि डोळे चुरचुरले म्हणजे सगळं संपलं असंही समजू नकोस. चुरचुर कोरड्या हवेने, स्पिरिटनेही होते. कोणती औषधं, आठवड्यातून किती दिवस, कोणत्या यंत्रावर, कधी काही सांडलं होतं का, हे एका कागदावर लिही आणि तो कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. किती महिने थांबायचं, फॉलिक अ‍ॅसिड कधी सुरू करायचं, हे त्या सांगतील. बऱ्याच जणींना पुढे निरोगी मुलं होतात, हेही तितकंच खरं आहे. रात्री मोबाइलवर शोधत बसू नकोस.

आता तुझं ‘सोडू की गप्प बसू’. मधली जागा तू बघितलीच नाहीस. तुला वाटतं, बोललीस तर तक्रारखोर ठरशील. एकटीने, तोंडी, सरांच्या केबिनमध्ये बोललीस तर कदाचित ठरशीलही. म्हणून कागदावर बोल, आणि एकटीने बोलू नकोस. मजकूर मी देते, बदलून घे:

‘मा. वैद्यकीय अधीक्षक, किमोची औषधे तयार करण्याच्या खोलीतील यंत्राचा प्रकार, मागील तपासणीचा अहवाल आणि हवा बाहेर सोडण्याची व्यवस्था यांची माहिती मिळावी. यंत्र आडव्या प्रवाहाचे असल्यास त्यावरील किमोचे काम त्वरित थांबवून पर्यायी व्यवस्था करावी, ही विनंती.’

खाली फार्मसी, डे-केअरच्या सिस्टर आणि सफाई कर्मचारी यांच्या सह्या. एक प्रत इन्फेक्शन कंट्रोल समितीला, एक क्वालिटीच्या मॅडमना. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नकोस. रुग्णालयाकडे एनएबीएचचं, म्हणजे रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाचं, प्रमाणपत्र असेल किंवा ते त्याच्या तयारीत असेल, तर काम निम्मं सोपं. किमोची औषधं योग्य आणि सुरक्षित रीतीने तयार झाली पाहिजेत, असं त्या निकषांतच आहे. आणि आधी कॅन्सरच्या डॉक्टरांच्या कानावर घाल. आपल्या पेशंटचं औषध कसं बनतं यात त्यांना रस असतोच, आणि त्यांचा शब्द परचेसमध्ये चालतो. कॅबिनेटला काही लाख लागतात, ते उद्या येणार नाही. तोवर तुला दुसरीकडे बदलून मिळावं: तोंडी औषधांचा काउंटर, स्टोअर, रेकॉर्ड, कुठेही. सीएसटीडी नावाची बंद जोडणीची साधनं आहेत, त्यांनी गळती बरीच कमी होते. पण ‘ती आणली, आता कॅबिनेट कशाला’ असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस.

महिनाभर वाट बघ. घोंगडं भिजत ठेवलं, टोलवाटोलवी झाली, तर खुशाल सोड. त्याला पळ काढणं म्हणत नाहीत. पुढच्या मुलाखतीत पगाराआधी मिक्सिंगची खोली बघायला माग. दाखवायला का-कू केली तर उत्तर मिळालं.

शहरातल्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या मुलामुलींनो, हे वाचत असाल तर तुमची पट्टी तुम्हीही धरून बघा. थुंकीचे, कल्चरचे नमुने लॅमिनारवर उघडणारी लॅब मी या डोळ्यांनी पाहिली आहे. आणि कॅबिनेटमध्ये बर्नर पेटवू नका. ज्योतीने प्रवाह विस्कटतो, हेपाला झळ लागते.

ता. क. : तू लिहिलंस की गाऊन रुग्णालयात धुतात ‘पण कधीकधी घरी आणते’. आणू नकोस. किमोचा गाऊन एकदाच वापरायचा आणि पिवळ्या पिशवीत टाकायचा. आतले कपडे घरी आल्या आल्या बदल आणि वेगळे भिजव. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत हा नियम सासूबाई वर्षानुवर्षं पाळत असणार. तुझ्या कुर्त्यासाठी त्यांना वेगळी बादली मागितलीस, तर कारण विचारतील. तेव्हा त्यांना त्या गार हवेचं सांग.